फुगलेल्या बॅटरीचा फोन आणि पहाटेचं लेहचं विमान: एका रात्रीचं प्रकरण

पार्श्वभूमी

आम्ही पुण्यातून छोटे ग्रुप घेऊन टूर काढतो, मंडळी बहुतेक साठीच्या पुढची. हे प्रकरण अशाच एका लेह टूरचं, जून महिन्यातलं. ज्यांच्याबाबतीत झालं त्यांना विचारूनच लिहितेय, फक्त नाव, फोनची कंपनी, विमान कंपनी काहीच देत नाहीये. त्यांना नुसतं काका-काकू म्हणते.

काका-काकू कर्वेनगरला राहतात. मुलगा बंगळुरूला, भाचा वारज्यात. पुणे ते दिल्ली आणि तिथून लेह असा प्रवास, विमान पहाटेचं, म्हणजे रात्री अडीच-तीनलाच लोहगावला, पुण्याच्या विमानतळावर, जमायचं. काकांचा फोन तीन-साडेतीन वर्षांचा, आणि या टूरसाठी त्यांनी सगळं त्याच फोनवर बसवलं होतं. लडाखमध्ये बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड कार्ड चालत नाही म्हणून महिनाभर आधी नंबर पोस्टपेड करून घेतला. डिजियात्रात, म्हणजे चेहरा दाखवून विमानतळात आत सोडणाऱ्या ॲपमध्ये, चेहरा नोंदवला, आधार त्यातच, बँकेचं ॲप त्यातच, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्यांचे फोटोही त्यातच. कागदावर काहीच नव्हतं.

आता फोनची कहाणी. फेब्रुवारीत पर्वती उतरताना तो खिशातून दगडी पायऱ्यांवर पडला. काच शाबूत राहिली म्हणून कोणी फारसं मनावर घेतलं नाही. पुढे तो चार्जिंगला गरम व्हायला लागला, चार्जिंग पटकन उतरायला लागलं. एप्रिल-मेमध्ये काका गाडी चालवताना मॅप लावून तो पुढच्या काचेला चिकटवायचे, आणि पुण्यातलं मे महिन्यातलं दुपारचं ऊन सगळ्यांना माहितीये. मग कव्हर बसेना. कव्हरच सैल झालंय असं वाटून लक्ष्मी रोडवरून नवीन, जरा कडक कव्हर आणलं. ते जोर लावून बसवलं की फोन नीट दिसायचा, आणि तिथेच घोटाळा झाला, कारण मागचं झाकण उचललं जातंय हे कव्हरने झाकून टाकलं.

अडचण

निघायच्या आदल्या संध्याकाळी साडेसातच्या सुमारास काकूंनी टूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, “यांच्या फोनचं मागचं झाकण सुटलंय, फेविक्विक लावू का?” लगेच उत्तरं सुरू झाली. एकांनी लिहिलं लावा, एकांनी रबरबँड सुचवलं, आणि एका काकांनी लिहिलं की माझाही असाच आहे, वर्षभर वापरतोय, काही होत नाही. हे शेवटचं वाचून मला जास्त धडकी भरली.

मी लगेच फोन लावला. म्हटलं काकू, आधी चिकटवू नका आणि दाबू तर अजिबात नका, कव्हर काढा आणि फोन टेबलावर उताणा ठेवून कोपऱ्याला हलकेच बोट लावा. फोन भोवऱ्यासारखा गरगर फिरला. कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे चांगला फोनही थोडा डुगडुगतो, त्यामुळे एवढ्यावरच विसंबायचं नाही. पण स्क्रीनच्या मध्यावर पांढुरका डाग होता, आणि कडेच्या फटीत काकूंच्या म्हणण्याप्रमाणे नख जात होतं. शंकेला जागाच उरली नाही, बॅटरी फुगलेली होती.

फुगणं म्हणजे नक्की काय, हे काकांना समजावून सांगावं लागलं, कारण त्यांच्या मते हा नुसता झाकणाचा प्रश्न होता. फोनची लिथियम-आयन बॅटरी एका पातळ हवाबंद पिशवीत असते. आत दोन पट्ट्यांच्या मध्ये प्लास्टिकचा अगदी पातळ पडदा असतो आणि त्यात पेट घेणारं द्रव मुरवलेलं असतं. वय, उष्णता, जास्त चार्जिंग किंवा मार, यातल्या कशानेही आतलं रसायन बिघडलं की त्या द्रवातून वायू सुटतो. वायूला बाहेर जायला वाट नाही म्हणून पिशवी फुगते. त्यात तो पडदा कुठे फाटला किंवा वितळला तर आतल्या आत शॉर्ट होतो, उष्णता वाढते, त्या उष्णतेने आणखी रसायन पेटतं, आणि हे एकदा सुरू झालं की थांबत नाही. याला थर्मल रनअवे म्हणतात. फुगलेली प्रत्येक बॅटरी पेटतेच असं नाही, बऱ्याच नुसत्या फुगून राहतात. पण कोणती पेटेल हे बाहेरून बघून कोणालाच सांगता येत नाही.

विमानाचा नियम याबाबतीत स्पष्ट आहे. खराब, इजा झालेली किंवा कंपनीने परत मागवलेली बॅटरी, जिच्यातून धोकादायक उष्णता किंवा आग निघू शकते, ती प्रवाशाने न्यायची नाही. हातातल्या बॅगेत नाही आणि चेक-इनमध्येही नाही.

तेव्हा आमच्यापुढे प्रश्न होता तो असा, की हातात सात तास आहेत, दुकानं नऊ-साडेनऊला बंद होतात, आणि फोन न्यायचा नाही म्हटलं तर काकांचा अर्धा प्रवास त्यातच अडकलेला.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय काकांचाच, बंद करून हातातल्या पिशवीत ठेवतो. मुलाचंही बंगळुरूहून तेच म्हणणं, वर हिशोबही दिला की १०० वॅट-अवरची, म्हणजे बॅटरीत किती ऊर्जा मावते त्याची, मर्यादा आहे आणि फोनची बॅटरी जेमतेम १९ वॅट-अवरची, म्हणजे नियमात बसते. हिशोब बरोबर आहे, ५००० एमएएच गुणिले ३.८५ व्होल्ट भागिले हजार. पण ती मर्यादा धडधाकट बॅटरीसाठी आहे. फुगलेल्या बॅटरीला कितीही लहान असली तरी सूट नाही. आणि फोन बंद केला म्हणजे बॅटरी बंद होत नाही, आतली ऊर्जा तिथेच असते, आतल्या शॉर्टला बटणाशी देणंघेणं नसतं. शिवाय केबिनमधला हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा असतो आणि लेहचा विमानतळच साडेदहा हजार फुटांवर आहे. दाब कमी झाला की पिशवीतला वायू आणखी जागा मागतो.

मुलाने विचारलं की असं आपल्याकडे कधी झालंय का. झालंय. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये सिंगापूरहून चेन्नईला येणाऱ्या इंडिगोच्या विमानात वरच्या कप्प्यातून धूर यायला लागला. आत सॅमसंगचा नोट २ होता. क्रूने अग्निशामक मारला आणि फोन स्वच्छतागृहात पाण्याच्या भांड्यात बुडवला, विमान सुखरूप उतरलं. त्या काळात सगळीकडे सॅमसंगच्याच नोट ७ ची चर्चा चालू होती, त्याच्या बॅटऱ्या पेटत होत्या म्हणून कंपनीने तो परत मागवला होता, पण हा फोन २०१२ सालचं मॉडेल होतं, परत मागवलेल्या यादीत नव्हतंच. म्हणून आपला फोन यादीत नाही एवढ्यावर निर्धास्त होता येत नाही.

दुसरा पर्याय, चेक-इन बॅगेत कपड्यांच्या मध्ये गुंडाळून टाकायचा. हा पर्याय लोकांना सगळ्यात सुरक्षित वाटतो, निदान आपल्यापासून लांब तरी जातो म्हणून, आणि हाच सगळ्यात वाईट आहे. केबिनमध्ये धूर आला तर माणसं बघतात, क्रू पाणी ओततो. खाली सामानाच्या कप्प्यात हॅलॉन वायू सोडून ज्वाळा दाबता येतात, पण बॅटरीच्या आतली उष्णता हॅलॉनने थांबत नाही. तिला थंड करावं लागतं, आणि उडत्या विमानात तिथे पाणी घेऊन जाणार कोण? २०१० मध्ये दुबईहून निघालेलं यूपीएस या कुरिअर कंपनीचं मालवाहू बोइंग ७४७ असंच पडलं, त्यात लिथियम बॅटऱ्यांचा मोठा साठा होता, दोन्ही वैमानिक गेले. एक फोन आणि अख्खा साठा यात फरक आहे हे मान्य, पण आगीचा स्वभाव तोच.

तिसरा, रात्रीतून बॅटरी बदलून घ्यायची. कंपनीचं सर्व्हिस सेंटर सातलाच बंद झालं होतं. कर्वे रोडवरचा एक रिपेअरवाला म्हणाला, आणा, अर्ध्या तासात टाकून देतो, ओरिजिनल नाही पण कंपॅटिबल आहे. यावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ बोललो, कारण नियमाने बघितलं तर चांगली बॅटरी टाकलेला फोन नेता येतो. माझं मत विरुद्ध पडलं. एक तर फुगलेली बॅटरी गमला चिकटलेली असते, घाईत पत्तीने उचकटताना तिलाच भोक पडलं तर दुकानातच भडका. दुसरं म्हणजे नवी बॅटरी कशी आहे हे कळायला चार-आठ दिवस चार्जिंग-वापर बघावा लागतो, तिची पहिली परीक्षा विमानात कशाला? आणि बदललं म्हणजे प्रश्न मिटला असं नसतं, हे नोट ७ नेच दाखवलं. परत घेऊन बदलून दिलेला फोनच ५ ऑक्टोबर २०१६ ला अमेरिकेत लुइव्हिलला साउथवेस्टच्या विमानात धुमसला, विमान अजून गेटवरच होतं म्हणून सगळे उतरले. पुढे सॅमसंगने जानेवारी २०१७ मध्ये कारणं जाहीर केली, त्यात दोन्ही पुरवठादारांच्या बॅटऱ्यांमध्ये वेगवेगळे दोष निघाले होते.

चौथा, फोन मागे ठेवून सिमकार्ड दुसऱ्या हँडसेटमध्ये घालायचं. यात अडचण अशी की डिजियात्राची नोंद त्या फोनमध्येच राहते, बँकेचं ॲप नव्या फोनवर परत नोंदवावं लागतं, आणि फुगलेला फोन ठेवायचा तर घर नऊ दिवस बंद राहणार.

टूर पुढे ढकलायचा विषय निघाला आणि लगेच मिटलाही. एका फोनपायी त्याची गरज नव्हती.

विमान कंपनीला विचारलं तेव्हा

काकांचं समाधान होईना, म्हणून कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. बराच वेळ गाणं ऐकल्यावर काकांनीच विचारलं, “फोन जरा बिघडलाय, बंद करून नेला तर चालेल ना?” उत्तर आलं, हो सर, हॅन्ड बॅगेत ठेवा. काका माझ्याकडे बघून, बघ झालं ना, अशा सुरात बोलले. मी परत लावायला सांगितला आणि या वेळी शब्द नेमके ठेवले: बॅटरी फुगली आहे, मागचं झाकण उचललं गेलंय, ही डॅमेज्ड बॅटरी आहे. उत्तर उलटं आलं, नेता येणार नाही.

मला या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची जागा ही वाटते. कंपनीच्या माणसाची चूक म्हणता येत नाही, त्याला “बिघडलेला फोन” एवढंच ऐकू आलं. पण पहिल्या उत्तरावर थांबलो असतो तर हो म्हटलंय या आधारावर फोन निघाला असता. विचारताना बॅटरी आणि फुगली हे दोन शब्द आलेच पाहिजेत, नाहीतर विचारलेलं नाही असंच समजायचं.

काय केलं

काकू या सगळ्यात शांत होत्या आणि निर्णय शेवटी त्यांनीच घेतला. “अगं, फोन राहू दे घरी, माणसं जाऊ दे.” चौथा पर्याय ठरला.

कपाटात काकूंचा जुना हँडसेट पडून होता. तोही बरेच महिने न वापरलेला, म्हणून आधी तोच तपासला: पाठ सपाट, स्क्रीनवर डाग नाही, चार्जिंगला लावून समोर बसून दोन तास बघितला, गरम झाला नाही.

मग प्रश्न डेटाचा. फुगलेल्या फोनमध्ये चार्जिंग ३८ टक्के होतं आणि चार्जर लावायचा नाही हे पक्कं होतं, म्हणजे जे काय करायचं ते या ३८ टक्क्यांत. काकांना नातवाचे सगळे फोटो हलवायचे होते. नको म्हटलं, फोटो फोनमध्येच राहतात, कुठे जात नाहीत, पण ते हलवताना फोन तासभर चालून तापेल. फक्त औषधांचे फोटो, तिकिटं आणि चार-पाच नंबर हलवले, तेही फोन बाल्कनीत फरशीवर ठेवून, आजूबाजूचे पडदे, पायपुसणी, वर्तमानपत्रांची रद्दी सगळं आत घेऊन. काम झाल्यावर फोन बंद केला, सिम काढलं. दुसऱ्या फोनवर व्हॉट्सॲप सुरू झालं. बँकेचं ॲप मी मुद्दाम सुरू करू दिलं नाही, नवीन फोनवर काही बँका सुरुवातीला व्यवहाराची मर्यादा घालतात, त्यापेक्षा काकूंचं कार्ड आणि थोडी रोकड बरी. आधार आणि बोर्डिंग पासची प्रिंट सोसायटीतल्या एका मुलीने काढून दिली.

आता तो फोन ठेवायचा कुठे? विमानात न्यायचा नाही म्हणून बंद घरात सोडून जायचं, हे मला विमानाइतकंच चुकीचं वाटत होतं. नऊ दिवस घरात कोणी नाही, गॅस, लाकडी कपाटं, वर-खाली शेजारी. रात्री दहाला भाचा वारज्याहून आला. सोसायटीत बांधकाम चालू होतं, तिथली कोरडी वाळू स्टीलच्या डब्यात घातली, त्यात फोन, वरून परत वाळू, आणि झाकण नुसतं टेकवलेलं. घट्ट लावायचं नाही, वायू सुटला तर डब्यातच दाब वाढतो. डबा स्कूटरच्या पायाशी ठेवून तो हळू घेऊन गेला, खिशात किंवा सीटखालच्या डिकीत नाही. रात्रभर त्याच्या गच्चीत, कठड्याजवळच्या सावलीच्या कोपऱ्यात.

लोहगावला रात्री

ग्रुपवरचा तो “वर्षभर वापरतोय” वाला मेसेज डोक्यात होताच. सगळे जमल्यावर टर्मिनलच्या बाहेरच प्रत्येकाचा फोन कव्हर काढून बघितला. थोडी कुरकुर झाली, रात्री अडीचला कव्हरं काय काढायला लावता म्हणून. त्या काकांचा फोन सुदैवाने फुगलेला नव्हता, झाकणाचा गम सुटला होता, सपाट ठेवल्यावर अजिबात फिरला नाही.

पण दुसरंच निघालं. एका मावशींची पॉवर बँक चेक-इन बॅगेत होती, ती आधी बाहेर काढली, कारण पॉवर बँक फक्त केबिनमध्येच न्यायची असते. बाहेर काढल्यावर दिसलं की तिचं पोट फुगलंय आणि लेबलही पुसलं गेलंय. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात एअर बुसानचं विमान जमिनीवर उभं असताना वरच्या कप्प्यातून पेटलं, सगळे बाहेर पडले पण विमान जळलं, आणि तपासात संशय पॉवर बँकेवरच गेला. मावशींना एवढंच सांगितलं, त्यांनी वाद घातला नाही. त्यांचा मुलगा सोडायला आला होता, त्याच्या हातात ती परत दिली, गाडीच्या सीटवर उन्हात सोडू नकोस असं बजावून.

निष्पत्ती

प्रवास नीट झाला. काकांना डिजियात्राच्या रांगेऐवजी साध्या रांगेत उभं राहावं लागलं, पाच-दहा मिनिटं जास्त. लेहला पोस्टपेड कार्ड जुन्या हँडसेटमध्ये व्यवस्थित चाललं. फोटो काकूंच्या फोनवर काढले, काका त्याबद्दल दोन दिवस नाराज होते.

इकडे भाच्याने फोन दुसऱ्या दिवशी कर्वे रोडच्याच रिपेअरवाल्याकडे दिला, या वेळी घाई नव्हती. त्याने आरामात गम मऊ करून, प्लास्टिकच्या पट्टीने बॅटरी काढली. पिशवी उशीसारखी तट्ट झाली होती आणि एका कोपऱ्याला चेप होता. पर्वतीवर पडला त्याचाच तो चेप असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही, पण बाजू तीच होती. बॅटरी परत वाळूत ठेवून ई-कचरा घेणाऱ्यांकडे दिली. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण अशी बॅटरी सुक्या कचऱ्याच्या बादलीत गेली तर पुढे ती कचरा वेगळा करणाऱ्या ताईंच्या हातात जाते, किंवा गाडीत दाबली जाऊन पेटते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे सर्व्हिस सेंटरला विचारायला संकोच करू नये.

काका परत आल्यावर सर्व्हिस सेंटरमधून बॅटरी बसवून घेतली. नातवाचे फोटो सगळे जागेवर होते.

काय वेगळं करता आलं असतं

खरी संधी त्या रात्री नव्हती, मे महिन्यात होती, जेव्हा कव्हर बसेना. फोनचं कव्हर अचानक सैल किंवा घट्ट झालं तर कव्हर नाही, फोन बघायचा. तेव्हा सर्व्हिस सेंटर उघडं होतं, नवी बॅटरी टाकून महिनाभर वापरून बघता आली असती आणि काकांना आपलाच फोन लेहला नेता आला असता.

दुसरं, आमच्या टूरच्या यादीत स्वेटर, गोळ्या, ओळखपत्र सगळं होतं, फोन तपासा असं कुठेच नव्हतं. आता निघायच्या दहा दिवस आधी ग्रुपवर मेसेज जातो: कव्हर काढा, सपाट टेबलावर ठेवा, फिरवून बघा, स्क्रीनवर डाग आहे का बघा, पॉवर बँकेवरचं लेबल वाचता येतंय का बघा. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॅट-अवर होते, ती चालते, पण लेबलच नसेल तर सिक्युरिटीवाल्यांना कसं कळणार. आणि आधार, तिकीट, गोळ्यांची यादी कागदावर.

तिसऱ्या पर्यायाबद्दल आमच्यात अजूनही मतभेद आहेत. मुलाचं म्हणणं, चांगला रिपेअरवाला आणि चांगली बॅटरी असती तर आदल्या रात्रीही बदलून नेता आलं असतं. आठ दिवस हातात असते तर मीही हो म्हटलं असतं. सात तासांत, रात्री, अनोळखी बॅटरी घालून, नाही.

आणि एक गोष्ट आम्ही आता आधीच ठरवून ठेवलीये, ती म्हणजे फोन तिकडे लेहमध्येच फुगला तर काय. चार्जिंग लगेच थांबवायचं, फोन बंद करायचा, परतीच्या दिवसाची वाट न बघता स्थानिक दुकानात बॅटरी काढून घ्यायची आणि ती तिथेच द्यायची. बॅटरी नसलेला फोन बॅगेत आणता येतो. फुगलेला फोन कुरिअरने पाठवू नये, कारण तिथून कुरिअर बहुतेक विमानानेच येतं. आणि उडत्या विमानात फोन तापायला लागला किंवा सीटच्या फटीत अडकला, तर स्वतः सीट मागेपुढे करून काढायला जायचं नाही, फोन चेपला की तिथेच शॉर्ट होतो. बेल दाबून क्रूला बोलवायचं.